इंजिन आख्खं, बाई अर्धी

परवा दुपारी शेजारच्या मावशींनी बोलावलं. मावशी मी मनातल्या मनात म्हणते, तोंडावर नावानेच हाक मारते, कारण इथं इंग्लंडमधल्या प्रेस्टनमध्ये सत्तरीकडे झुकलेल्या बाईला मावशी म्हटलं तर आधी नातं समजावत बसावं लागतं. पाऊस होता, म्हणजे इथला तो, पडतोय की नाही हे चष्मा पुसल्यावर कळतं असा. मावशी मोठं घर विकून मुलीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये जाणार आहेत, त्यामुळे गेले दोन महिने माळा आवरणं चालू आहे, आणि माळा आवरणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, एक वस्तू काढायची आणि ती हातात धरून तासभर खाली बसायचं.

ह्या वेळी पत्र्याचा बिस्किटांचा डबा निघाला होता. झाकण चमच्याने उचकटलं, आत फोटो. छोटे छोटे, ब्लॅक अँड व्हाइट, काहींच्या कडा आपण करंजी कातण्याने कापतो ना अगदी तशा. पहिला फोटो इंजिन. दुसरा इंजिन. तिसरा इंजिन आणि प्लॅटफॉर्मवरचं कुत्रं. मी म्हटलं तुमचे वडील रेल्वेत होते का, तर म्हणाल्या छे, कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून, रेल्वेशी संबंध म्हणजे तिकीट काढण्यापुरता. पण रविवार आला की कॅमेरा गळ्यात आणि चालले.

कॅमेरा कोडॅकचा ब्राउनी १२७, काळा, हातात साबणाच्या वडीसारखा मावणारा. एका रोलमध्ये आठ फोटो. आठ! आणि शटरला एकच स्पीड, त्यामुळे गाडी उभी असेल तर ठीक, धावती असेल तर कोणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखी दिसते. आठ फोटोंची वाटणी ठरलेली असायची. सहा इंजिनं, एक मुलगी म्हणजे ह्या मावशी, आणि एक राखीव, राखीव फोटोही शेवटी इंजिनाचाच निघायचा. आई कधी स्टेशनवर जायचीच नाही म्हणे. काजळी कपड्यांवर बसते आणि धुवायचे कोणी, हा तिचा मुद्दा होता, आणि बिनतोड होता.

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने नंबर. माणसाचं नाव नाही, इंजिनाचा नंबर, स्टेशन आणि कधी तारीख, कधी नाही. मावशी मला तारीख कशी ओळखायची ते शिकवायला लागल्या आणि दर दोन वाक्यांनंतर म्हणत होत्या, मला बाई रेल्वेतलं काही कळत नाही. आमच्या आजीला जसं क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, फक्त गावसकर ऑफ स्टम्पबाहेरचा बॉल सोडतो की नाही एवढंच कळायचं, तसंच.

तर नंबर. १ जानेवारी १९४८ ला सरकारने इथल्या चार मोठ्या रेल्वे कंपन्या ताब्यात घेतल्या आणि ब्रिटिश रेल्वे झाली. आता चार घरची इंजिनं एका घरात आली की नंबर दोनदोन, चारचार होणार, मग कोणाच्या नंबरात तीस हजार मिळवले, कोणाच्या चाळीस हजार, कोणाच्या साठ. म्हणजे लंडन मिडलंडवाल्यांचं ५३१८ ते झालं ४५३१८. फक्त ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे नंबर तेच राहिले कारण त्यांच्या पाट्या ओतीव पितळेच्या होत्या, त्या कोण बदलत बसणार. मला हे फार आवडलं. घर सोसायटीच्या नावावर झालं पण दारावरची पितळी पाटी आजोबांचीच.

मग सिंह. कोळसा-पाण्याच्या टेंडरवर ब्रिटिश रेल्वेचं चिन्ह असायचं, सुरुवातीचं एका चाकावर उभा सिंह, लोक त्याला सायकलवाला सिंह म्हणायचे. १९५६ पासून नवीन आलं, मुकुटातून वर आलेला सिंह आणि त्याच्या पंजात चाक, सरकारी दिमाखात काढलेलं, आणि पब्लिकने त्याचं नाव काय ठेवलं तर फेरेट आणि डार्टबोर्ड. फेरेट म्हणजे आपल्या मुंगसासारखं दिसणारं लांबुडकं जनावर. म्हणजे फोटोत सिंह सायकलवर दिसला तर जुना, मुंगूस दिसलं तर ५६ नंतरचा. मग मला नादच लागला, मी भिंग घेऊन मुंगसं शोधत बसले. आणि दिवे! इंजिनाच्या पुढे दोन्ही बफरांच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या त्या गोल तबकड्यांच्या, वर एकेक दिवा असला तर एक्सप्रेस, चिमणीपाशी एकच दिवा असला तर सगळीकडे थांबणारी पॅसेंजर. हे सगळं त्या माणसाने फोटोत नीट येईल अशी काळजी घेतलेली, दिवे आलेत, नंबर आलाय, चिमणी आख्खी आलीय. आणि माणसं? एकाचं डोकं नाही, एकाचे पाय नाहीत, मुलगी कोपऱ्यात, तीसुद्धा स्केल दाखवायला उभी केल्यासारखी.

ह्यावर मी हसले खरी पण हसायचा मला हक्क नाही. आमच्याकडे ह्याच्या बरोब्बर उलटं झालंय.

बाबांकडे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता, बारा फोटोंचा. मी चौथीत असताना आम्ही सगळे माथेरानला गेलो होतो, काका-काकू, चुलत भावंडं, आजी. काका रेल्वेत गार्ड, त्यामुळे ट्रिपची सगळी सूत्रं त्यांच्याकडे. नेरळला ती छोटी गाडी उभी, बाबांनी सगळ्यांना तिच्यापुढे उभं केलं, लहान पुढे मोठे मागे, आजी मध्ये खुर्चीवर, खुर्ची कुठून आणली देव जाणे. बाबा मागे मागे सरकत फोटो घेतायत आणि काका फोटोत उभे राहून ओरडतायत, इंजिन येतंय ना, अरे इंजिन घे. बाबा म्हणाले घेतलं घेतलं. पंधरा दिवसांनी फोटो धुऊन आला. चौदा माणसं, चौदाही डोकी शाबूत, आजीच्या कानातल्या कुड्या मोजता येतात, आणि गाडीचं म्हणाल तर आजीच्या खांद्यामागे खिडकीचे दोन गज. बस. हा फोटो कुठल्याही चाळीच्या जिन्यापुढे काढलेला वाटतो. काकांनी त्या दिवसापासून बाबांना माफ केलेलं नाही, माझ्या लग्नात फोटोग्राफरला सांगत होते, बाबा रे, ज्याच्यासाठी आलोय ते फोटोत घे.

नाहीतर आमच्याकडे रेल्वेचे फोटो येणार कुठून म्हणा. अर्धं आयुष्य गाडीत गेलं पण स्टेशनवर फोटो काढायला मनाई असल्याची पाटी, त्यात काका रेल्वेतले, ते तर कॅमेरा पिशवीतूनही काढू द्यायचे नाहीत. कर्जतला तो खेकडा उभा असायचा, लांब नाकाचं जुनं इलेक्ट्रिक इंजिन, कण्हल्यासारखा आवाज करायचं, काका मला मुद्दाम प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत नेऊन दाखवायचे. वडापाव एका हातात, काकांचं बोट दुसऱ्या हातात. त्याचा एक फोटो नाही. डोक्यात आहे, पण डोक्यातल्याच्या मागे पेन्सिलने काही लिहिता येत नाही.

असो, कुठे होते. डबा.

त्या डब्यात एक फोटो जवळजवळ पूर्ण काळा आहे. खाली उजवीकडे पांढरा फराटा, ती वाफ असेल किंवा कोणाचा तरी शर्ट. मी तो बिघडलेला म्हणून बाजूला ठेवत होते तर मावशींनी हातातून घेतला आणि उलटा केला. ४५३१८, प्रेस्टन, ३-८-६८. म्हणाल्या हा त्यांचा सगळ्यात लाडका फोटो होता.

त्या शनिवारी रात्री प्रेस्टनहून वाफेच्या इंजिनाच्या रोजच्या पॅसेंजर गाड्या संपल्या. आधी आठ पन्नासची ब्लॅकपूलला गेली, तिला ४५२१२ होतं, आणि नऊ पंचवीसला लिव्हरपूलची सुटली, ती शेवटची, तिला हे ४५३१८. आठवड्याने, ११ ऑगस्टला, एक निरोपाची स्पेशल गाडी निघाली, तिचं तिकीट पंधरा गिनी, म्हणजे पंधरा पौंड पंधरा शिलिंग, आणि ते मावशींच्या वडिलांना परवडणारं नव्हतं. म्हणून ते ह्या गाडीला गेले, दहा वर्षांच्या मुलीला घेऊन, रात्री नऊ वाजता ब्राउनी कॅमेऱ्याने फोटो काढायला. फोटो येणार नाही हे त्या माणसाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तरी आठातला एक फोटो त्याने तिथे घालवला. मी मावशींना विचारलं, तुम्हाला काय आठवतं त्या रात्रीचं. खूप गर्दी, कोणीतरी रडत होतं, आणि मला चिप्स हव्या होत्या, म्हणाल्या.

४५२१२ वाचलं, यॉर्कशरमध्ये एका हौशी लोकांच्या रेल्वेकडे आहे. ४५३१८ भंगारात गेलं. त्याचा शेवटच्या रात्रीचा फोटो म्हणजे हा फराटा, निदान ह्या डब्यापुरता तरी.

संध्याकाळी मी मावशींच्या परवानगीने डबा घरी आणला, पंधरा-वीस फोटो मोबाइलवर काढून घेतले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. काकांचा पाच मिनिटांत फोन. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, नातवाचा बर्थडे लक्षात राहत नाही पण आवाज एकदम कडक. हे टाकीवालं इंजिन कुठलं, ह्याची चाकं दोन-सहा-चार दिसतात, आणि तू प्रेस्टनला राहतेस तर न्यूटन-ले-विलोजला गेलीस का नाही अजून? तिथल्या व्हल्कन फाउंड्रीत आपले किती तरी खेकडे बनलेत, १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तिची इंजिनंसुद्धा तिथलीच. मी म्हटलं काका तिथे आता घरं झालीत. मग घरांचा फोटो पाठव, म्हणाले.

टाकीवालं इंजिन, म्हणजे मागे टेंडर नसलेलं, पाण्याची टाकी अंगावरच असलेलं, ते लॉंगटन ब्रिज नावाच्या स्टेशनवरच्या फोटोतलं. प्रेस्टनहून साउथपोर्टला जाणारी लाइन होती, तिच्यावरचं स्टेशन. १९६३ ला बीचिंग नावाच्या गृहस्थांनी अहवाल दिला, दोन हजारांवर स्टेशनं आणि पाच हजार मैल लाइन बंद करा म्हणून, त्यात ही लाइन पण गेली, ६४ ला बंद. फोटोत इंजिनाच्या टाकीवर मुंगूस आहे, मी भिंगाने खात्री केली. म्हणजे फोटो ५६ ते ६४ च्या मधला, हे मी कोणाला न विचारता काढलं आणि मला उगाचच फार हुशार वाटलं. इंजिन आख्खं आलंय, दिवा चिमणीपाशी, सगळं जागच्या जागी. उजव्या कडेला एक बाई अर्धी आलीय. डोक्याला रुमाल, काखेत थर्मॉस, अर्धा चेहरा, हसतेय. हीच रुमालवाली आणखी दोन फोटोंत पण आहे, तिथेही अर्धीच.

दुपारी मी विचारलं होतं ही कोण. मावशींनी चष्मा वर केला, फोटो लांब धरला, आत्या असेल म्हणाल्या, मग म्हणाल्या नाही, आत्या लठ्ठ होती. मागे बघितलं, नंबर होता, ४२ ने सुरू होणारा. मग केटलीचा आवाज आला आणि त्या उठल्या.

रात्री उशिरा आईचा व्हॉइस मेसेज आला. आईला इंजिनातलं काही कळत नाही आणि तिला ते कळून घ्यायचंही नाही, ती फोटो मोठा करून माणसं बघते, कोणाच्या अंगावर काय आहे, कोण कोणाकडे बघतंय. म्हणाली, अगं ती थर्मॉसवाली कोण गं, बिचारी केव्हाची उभी असेल थंडीत, आणि हातात दोन कप आहेत बघ तिच्या.

मी फोटो मोठा केला. खरंच. एकाच हाताच्या बोटांत दोन कपांचे कान अडकवलेले, आपण चहा घेऊन बाहेर येताना धरतो तसे. प्लॅटफॉर्मवर दुसरं कोणी दिसत नाही. एक कप तिचा.

मी आईला फोन लावला. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, असेल कोणी. तू विचारू नकोस हां त्यांना.

काल डबा परत दिला. मावशींनी दारातच उघडून बघितला, लॉंगटन ब्रिजचा फोटो वर होता, तो काढून त्यांनी कार्डिगनच्या खिशात टाकला आणि बाकीचे म्हणाल्या म्युझियमला विचारून बघते, घेतात का.