पाठ करून उभा राहणारा

कार्तिक शुद्ध दशमीला पहाटे साडेचारला मालगुंडहून निघालो. आम्ही सतरा जण, एक वीणा, तीन टाळ आणि पखवाजाऐवजी मोबाइलला जोडलेला स्पीकर. पंढरपूर लांब, भातकापणी अजून आटपलेली नाही, म्हणून आमच्याकडची बरीच मंडळी रत्नागिरीच्या जुन्या विठ्ठल मंदिरात कार्तिकी करतात. त्याला प्रतिपंढरपूरच म्हणतात. किनाऱ्याच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. याला वारी म्हणायचं का, यावर गणपतीपुळे येईपर्यंत वाद चालला. मी गप्प होतो. वारीवर बोलायला मला तोंड नव्हतं.

बाविसाव्या वर्षी वडिलांनी मला आळंदीला नेऊन माळ घालायला लावली. १०८ मण्यांची, ज्ञानेश्वरीवर ठेवून उचललेली. मुंबईला नोकरी लागली आणि सहा महिन्यांत सगळं सुटलं. आधी हरिपाठ, मग एकादशी, मग खोलीवरच्या पोरांबरोबर शनिवारचा क्वार्टर आणि तळलेला बांगडा. माळ दाढीच्या डब्यात गेली. फेकायचा धीर मात्र झाला नाही. गावी येताना रात्रीच्या एसटीत संगमेश्वर मागे पडलं की डबा उघडायचा, माळ गळ्यात घालायची, शर्टाचं वरचं बटण मुद्दाम उघडं ठेवायचं. परतीच्या गाडीत पुन्हा डब्यात. हे मी अकरा वर्षं केलं. वडील गेले त्या रात्रीही केलं.

नेवरे सोडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आरे-वारेची चढण ही या रस्त्याची खरी परीक्षा. वर पोचलं की दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात, खाली सुरूचं बन, आणि गाड्या थांबवून फोटो काढणारे पर्यटक. एका मुलीने आमचाही फोटो काढला. तात्या खूश झाले, पताका सरळ धरून उभे राहिले.

तात्या म्हणजे वडिलांचे जोडीदार, त्यांच्याच पिढीचे. विसाव्याला पुंडलिकाची गोष्ट त्यांनी सुरू केली. कीर्तनात ही गोष्ट बहुतेक विटेपासून सुरू होते. तात्यांनी ती त्याच्याही आधीपासून घेतली. म्हातारे आईबाप काशीच्या वाटेवर पायी चालताहेत आणि हा बायकोला घेऊन घोड्यावर. पुढे आश्रमात पहाटे मळक्या लुगड्यांतल्या बाया शिरतात, सडासारवण करतात आणि लख्ख होऊन बाहेर पडतात. त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोकांची पापं धुऊन त्यांचीच वस्त्रं काळी पडलेली. त्या पुंडलिकाला म्हणतात, आमच्यात बुडी मारून तुझं काय होणार, आईबाप मागे चालताहेत.

"तेव्हा बघ," तात्या म्हणाले, "देव आला तो घोड्यावरच्या पोराच्या दारात. त्यानेही काय दिलं? वीट. थांब म्हणाला. आणि हा थांबला."

"पण तोवर पुंडलिक सुधारला होता ना तात्या?"

"तो कधी सुधारणार हे देवाला आधीच ठाऊक नव्हतं होय?"

काळबादेवीच्या पुढे सुकत घातलेल्या मासळीचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दशमीच्या दिवशी, विठ्ठलाच्या वाटेवर! तिथल्या एका घरातली बाई तांब्याभर पाणी आणि केळी घेऊन आली. सगळ्यांना "माउली, माउली" करत पाया पडायला लागली. माझ्याजवळ आली तसा मी मागे सरलो.

"ताई, नको. मी माळकरी नाही."

तिने स्वतःच्या गळ्यातली माळ पदराबाहेर काढून दाखवली. "मी मासळी विकते. खात नाय, पण विकते. त्याने मला कधी बाहेर काढलं नाय. तुम्ही कशाला पाय मागे घेता?" आणि पडलीच पाया.

पुढे साखरतरच्या पुलावर खाडीचा वारा लागला तेव्हा मी तात्यांना दाढीच्या डब्याचं सांगून टाकलं. त्यांनी टाळ थांबवला नाही.

"तुझ्या बापाला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. आईने तुझी बॅग आवरली होती. तो गाडीवर यायचा ना तुला घ्यायला?"

यायचे. पहाटेच्या काळोखात, थांब्यावर. गाडी थांबायची तेव्हा ते कायम रस्त्याकडे पाठ करून उभे असायचे, बॅटरीचा झोत शाळेच्या भिंतीवर. मी हाक मारली की मगच वळायचे. मला वाटायचं, त्यांना ऐकू कमी येतं.

"म्हणायचा, पोराची माळ घालायची राहिली असेल तर घालू दे. आपण बघत असलो तर त्याची पंचाईत."

शिरगाव येईपर्यंत मी काही बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर रडू आलं असतं, आणि मागे स्पीकरवाला चेष्टेखोर आहे.

शहरात शिरताना पतितपावन मंदिराचा विषय निघाला. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ साली सगळ्या जातींना खुलं झालेलं. मला ते नाव नेहमी खटकतं. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांनी पतित होण्यासारखं काय केलं होतं? त्या शब्दाला लायक माणूस मुंबईच्या गाडीत बसून गळ्यातली माळ काढत होता.

एकादशीला रांगेत तीन तास गेले. माझ्या वाट्याला तीन सेकंद आले, त्यातही पुढच्याचा खांदा मध्ये. विठोबा तोंड समोर करून उभा. मी खाली बघितलं.

बाहेर जत्रेत तात्यांच्या हातात माळ दिली. म्हटलं, घाला. त्यांनी ती उजेडात धरली, बोटाने दोरा ओढून पाहिला. "कुजलाय. आधी ओवून घे."

बांगड्यांच्या दुकानांपलीकडे एक म्हातारा माळा ओवत बसला होता. त्याने दोरा कापला, मणी ताटलीत सांडले आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

"मोजून द्या," म्हणाला. "नंतर कमी भरले तर माझ्याशी भांडाल."

मी त्याच्याजवळ मांडी घालून बसलो आणि मोजायला लागलो.