सव्वानऊचा सूर्योदय

डिसेंबरात एस्टोनियातल्या तार्तू शहरातून पहाटेच्या गाडीने राजधानी टालिनला गेले, ते फक्त एक झेंडा चढताना बघायला. टूमपिआच्या टेकडीवर पिक हेर्मान नावाचा जुना बुरूज आहे. त्यावर रोज सूर्योदयाला राष्ट्रगीताच्या सुरांवर एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा चढतो. जूनमध्ये सूर्य चारलाच उगवतो, म्हणून सातच्या आधी चढवायचा नाही असा नियम आहे. डिसेंबरात मात्र सव्वानऊ वाजतात आणि साडेतीनच्या आत तो उतरतोही. सहा तासांचा दिवस!

मला पाठवलं होतं आमच्या घरमालकीण आजींनी. त्यांचा जन्म १९५१चा, सैबेरियातला. मार्च १९४९मध्ये सोव्हिएत राजवटीने अवघ्या काही दिवसांत वीस हजारांहून जास्त एस्टोनियन माणसं मालगाड्यांत कोंबून तिकडे नेली. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त होती. आजींची आई त्यांतलीच. दर २५ मार्चला आजी खिडकीत मेणबत्ती लावतात, आणि त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला दिवाही लावत नाही.

या बुरुजाने जर्मन सरदार, स्वीडन, रशियाचा झार असे किती मालक पाहिले! देश स्वतंत्र झाला २४ फेब्रुवारी १९१८ला. १९४०मध्ये इथे सोव्हिएतांचा लाल झेंडा चढला आणि तिरंगी झेंडा घरात ठेवणंही गुन्हा झाला. तो बुरुजावर परतला २४ फेब्रुवारी १९८९ला, म्हणजे स्वातंत्र्य परत मिळण्याच्या अडीच वर्षं आधी. त्या सकाळी आजी खालच्या गर्दीत होत्या. पुढच्या लोकांच्या टोप्यांमुळे काहीच दिसलं नाही, नुसतं गाणं ऐकू आलं, असं त्या सांगतात.

देश सपाट आहे. सगळ्यात उंच टेकडी ३१८ मीटरची, निम्मी जमीन जंगलाखाली, आणि किनाऱ्याभोवती दोन हजारांहून जास्त बेटं. सपाटीचा अर्थ मला एप्रिलमध्ये सूमाच्या दलदलीत कळला. बर्फ वितळतो, पण पाण्याला उतारच नाही. नद्या काठ सोडून रानात पसरतात. ज्या रस्त्याने शरदात चालत गेले होते, त्याच रस्त्यावरून आम्ही होडी वल्हवली आणि वेगमर्यादेची पाटी हाताशी आली. तिथले लोक याला पाचवा ऋतू म्हणतात. शिक्षा नाही, ऋतू. मला हा शब्द फार आवडतो.

बुरुजाला लागूनच रिगीकोगू, म्हणजे संसद. १०१ सदस्य, चार वर्षांची मुदत. राष्ट्राध्यक्षही तेच निवडतात. त्यासाठी ६८ मतं लागतात, ती जमली नाहीत तर निवड मोठ्या निर्वाचक मंडळाकडे जाते. २००५पासून घरबसल्या इंटरनेटवरून मत देता येतं. आजी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून देतात. मुदतीत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेवढं मोजतात. ‘कुणी शेजारी उभं राहून बटण दाबायला लावलं, तर तो गेल्यावर मी पुन्हा देईन,’ असं त्यांनी मला समजावलं होतं. सैबेरियात जन्मलेल्या बाईने हे सांगताना मी नीट ऐकून घेतलं.

त्या सकाळी बुरुजाखाली आम्ही सात जण होतो. रात्री घरी परतल्यावर आजींनी एकच विचारलं: फडकत होता ना?

वारा नव्हता. खांबाला चिकटून होता. तसंच सांगितलं.

‘पण चढला,’ म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.