टाकीतला मासा आणि आईची पारख

शनिवार, रात्र

हात दोनदा धुतले तरी बोटांना आल्याचा आणि कांद्याच्या पातीचा वास आहेच. आई झोपली. आत्ताच लिहून ठेवते.

आज आईला नोरिएगा रस्त्यावरच्या चिनी मासळीच्या हॉटेलात नेलं. आम्ही राहतो तो सॅन फ्रान्सिस्कोचा सनसेट भाग शहराच्या पश्चिम टोकाला, थेट समुद्राला भिडलेला. एकमेकांना चिकटलेली फिकट रंगांची घरं आणि उन्हाळ्यातसुद्धा अंगावर येणारं धुकं. पूर्वी इथे नुसत्या वाळूच्या टेकड्या होत्या. मग घरं उठली, आयरिश आणि जर्मन कुटुंबं आली, आणि १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर हळूहळू चिनी कुटुंबं. आता नोरिएगा, अर्विंग, टॅराव्हल या रस्त्यांवर चिनी पाट्यांची बेकरी, वाळवलेल्या औषधी मुळ्या विकणारी दुकानं, भाजीवाले आणि मधूनमधून अशी हॉटेलं. यातली बरीचशी दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या आणि हाँगकाँगच्या माणसांची. त्यामुळे स्वयंपाक कँटनी, म्हणजे त्या भागातला, आणि कँटनी स्वयंपाकात मासा सगळ्यात वरच्या पाटावर.

सोबत शेजारच्या पोपो होत्या. आजीला कँटनीत पोपो म्हणतात आणि आमची अख्खी गल्ली त्यांना तेच म्हणते. त्यांच्याशिवाय या हॉटेलात जेवण मागवू नये असं माझं ठाम मत आहे. भिंतीवर गुलाबी कागदाच्या पट्ट्यांवर शाईने लिहिलेले पदार्थ इंग्रजी मेनूत नसतात, आणि खरं जेवण तिथेच असतं.

हॉटेल साधंच. ट्यूबलाइट, गोल टेबलं, मधे फिरणारी काच, टेबलावर पातळ प्लॅस्टिकचे थर. एक पंगत उठली की पोऱ्या वरच्या थराची चारी टोकं उचलतो, शिंपले, काटे, सालं सगळ्यासकट मोट बांधतो आणि खाली स्वच्छ टेबल तयार. आईला ही युक्ती फार आवडली. शेजारच्या टेबलावर एकाच घरातल्या चार पिढ्या बसलेल्या. पणजीच्या पुढ्यात सगळे वाढतायत आणि तान्हं मूल फिरत्या काचेला हात लावायला बघतंय. शनिवारी संध्याकाळी इथे असंच असतं. कुणी नटूनथटून येत नाही, घरच्या स्वेटरवर येतात.

दारातच मासळीच्या टाक्या आहेत आणि आई तिथेच थांबली. तिचं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं. तिथे घराजवळ तळं असायचं आणि तळ्यात जिताडे. लहान पिल्लं खाडीतून आणून सोडायची, वाढवायची आणि पाहुणा आला किंवा जावई आला की त्यातला एक काढायचा. त्यामुळे जिवंत मासा बघून निवडायचा यात तिला नवल वाटलं नाही. उलट ती एकदम घरच्यासारखी वावरायला लागली. टाकीवरच्या माणसाने जाळीने एक बास जातीचा मासा काढून बादलीत दाखवला. आईने वाकून बघितलं आणि मान हलवली.

"हा नको. हा एका अंगावर कलतोय बघ. दमलाय. तो कोपऱ्यातला घ्यायला सांग, प्रवाहाला तोंड करून उभा आहे तो."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडणार तोच आईने बोटाने दाखवलं होतं. त्या माणसाने एकवार मासा बघितला, एकवार आई, आणि हसत दुसरा काढला. मग पोपोंना कँटनीत काहीतरी म्हणाला. पोपो म्हणाल्या, तो विचारतोय यांचा मासळीचा धंदा आहे का. आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा जो काही खुलला, तो मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. इथे आल्यापासून तिला सारखं कुणीतरी काहीतरी समजावून सांगतंय. सिग्नल कसा ओलांडायचा, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा. आज पहिल्यांदा तिच्या शब्दावर काहीतरी ठरलं.

जेवणाआधी न मागवता सूप येतं. तासन् तास मंद आचेवर उकळलेलं, गाजर, हाडं, सुकी चिनी बोरं घातलेलं. हाडं डुकराची, म्हणून आईने वाटी माझ्याकडे सरकवली. चहा ओतला की पोपो दोन बोटांनी टेबलावर टकटक करतात, ते आभार. चीनचा छ्येनलुंग बादशहा वेष पालटून हिंडत असताना त्याने बरोबरच्या माणसांना चहा ओतला, त्यांना लोटांगण घालता येईना म्हणून त्यांनी बोटांनीच नमस्कार केला, अशी त्यामागची दंतकथा. आईने लगेच उचललं. नंतर पाणी आणणाऱ्या पोराचेही आभार तसेच मानत होती.

वाटाण्याचे कोवळे शेंडे लसणीवर परतून आले, मग काळ्या आंबवलेल्या सोयाबीनमधल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. तिसऱ्यांचा खारटपणा आणि त्या सोयाबीनचा खारटपणा वेगवेगळा लागतो, हे मला इथेच कळलं. पण या दोन्हींवर जास्त लिहीत नाही, कारण मग मासा आला.

लांबट ताटलीत अख्खा, डोक्यापासून शेपटीपर्यंत. वर आल्याचे केसासारखे बारीक काप, कांद्याची पात, कोथिंबीर. बस. आईच्या मनातलं चायनीज म्हणजे अलिबागच्या नाक्यावरची गाडी, लाल रस्सा आणि मंचुरियन. ते मुंबईत जन्मलेलं. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलेलं. मलाही ते आवडतं, पण त्याचं गोत्र वेगळं. आईने ताटलीकडे बघितलं आणि विचारलं, "हळद नाही? आंबट काही नाही? मीठ तरी चोळलंय का?"

मी पोपोंकडून पूर्वीच सगळं विचारून घेतलं होतं, ते तिला सांगितलं. मासा वाफवायचा, आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच तो वाफेवर ठेवायचा. दीड पौंडाचा असेल तर आठ-नऊ मिनिटं, मग बाहेर. काट्यालगतचं मांस जेमतेम शिजलेलं, हाडापासून नुकतं सुटणारं. एखादं मिनिट वर गेलं की मासा रबरी होतो. ताटलीत जे पाणी सुटतं ते आधी ओतून टाकायचं, कारण हिंवस वास त्या पाण्यात असतो. मग वर ताजी पात पसरायची, धूर येईपर्यंत तापवलेलं तेल तिच्यावर ओतायचं, आणि किंचित साखर घालून सौम्य केलेला सोया सॉस कडेने सोडायचा. तेल पडतं तेव्हा पात चरचरते आणि तिचा वास माशात उतरतो. सगळा मसाला तेवढाच.

माशाचं तोंड आईकडे केलेलं होतं, ती पाहुणी म्हणून. पोपोंनी चमच्याने गालाचा लहानसा तुकडा काढून तिच्या वाटीत ठेवला. तिथलं मांस सगळ्यात मऊ, ते वडीलधाऱ्यांचं. आईने ते तोंडात ठेवलं आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, हा गोड आहे."

खरंच गोड असतो. आपण ताज्या माशालाही हळद, तिखट, आगळ, आलं-लसणीचं वाटण लावतोच, आणि आईच्या हातचं जिताड्याचं कालवण मला जगातल्या कुठल्याही पदार्थाच्या बदल्यात नको. पण तिथे मासा आणि मसाला मिळून एक तिसरी चव होते. इथे फक्त मासा असतो. लपायला काही नसतं. मासा शिळा असेल, दमलेला असेल, मिनिट चुकलं असेल, तर पहिल्या घासाला कळतं. म्हणून टाकी दारात असते, म्हणून बादली आधी गिऱ्हाइकापुढे येते. असा मासा करणाऱ्याची हिंमत मोठी असते असं मला मनापासून वाटतं. स्वयंपाकघरात कुणी नामांकित शेफ नाही, पाट्या नाहीत, फोटो नाहीत. आणि तरी दर शनिवारी मासा त्याच मिनिटाला उतरतो.

वरची बाजू संपल्यावर आईने सवयीने मासा उलटायला चमचा घातला, तर पोपोंनी हलकेच तिचा हात धरला. मासा उलटायचा नाही, नाहीतर दर्यावरची होडी उलटते. मधला काटा शेपटीकडून अख्खा उचलायचा आणि खालचं मांस तसंच घ्यायचं. आईने चमचा लगेच मागे घेतला. होडीचं नाव काढल्यावर तिला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मागच्या आठवड्यात तिला उत्तरेला चायना कॅम्पला नेलं होतं. सान पाब्लो उपसागराच्या काठी १८८० च्या दशकात तिथे मूळच्या क्वांगतुंगच्या सुमारे ५०० लोकांची कोळंबी पकडणाऱ्यांची वस्ती होती. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून पिशवीसारखी जाळी लावायची, आलेली कोळंबी उकळायची, टेकडीच्या उतारावर वाळवायची, सालं पाखडून वेगळी करायची आणि बरीचशी चीनला पाठवायची. तिथल्या छोट्या संग्रहालयात ते पाखडायचं यंत्र आहे. आई जाळीबद्दल वाचताच म्हणाली, ही तर आपली डोल. आणि वाळवलेली कोळंबी बघून, हे तर सोडे. तो धंदा मोडला तो मासळी संपल्यामुळे नव्हे. चिनी लोकांना देशात येऊ न देणारा कायदा १८८२ मध्येच झाला होता, तो १९४३ पर्यंत टिकला, आणि पुढे १९११ मध्ये त्या जाळ्यांवरच बंदी आली. हे वाचून तिला फार वाईट वाटलं होतं. आज जेवताना तिने स्वतःहून तो विषय काढला. पोपोंना विचारायला लावलं की तुमच्याकडे अजून सोडे घालतात का. घालतात तर! पोपोंनी लगेच पोराला हाक मारून वाटीत एक्सओ सॉस मागवला. सुकवलेले शिंपले, सुकी कोळंबी, मिरची, लसूण तेलात मुरवून केलेला, हाँगकाँगमध्ये १९८० च्या दशकात निघालेला. आईने भातावर घेतला आणि दुसऱ्यांदाही घेतला. निघताना पोपोंना सोड्याच्या खिचडीचं आमंत्रण देऊन मोकळी झाली. सोडे तिच्या बॅगेत आहेतच.

खेकडे मात्र आज मागवले नाहीत. इथला डंजनेस खेकडा थंडीतला. मोसम एरवी नोव्हेंबरच्या मध्यात सुरू व्हायचा, पण खेकड्याच्या पिंजऱ्यांच्या दोरांत हंपबॅक देवमासे अडकतात म्हणून गेली काही वर्षं देवमासे दक्षिणेला सरकेपर्यंत बोटी थांबवतात. मला हे योग्यच वाटतं, पण वाट बघावी लागते. टाकीत होते ते दुसरीकडून आणलेले, आणि पोपोंनी नाक मुरडलं. बोटींनी फक्त मोठे नर आणायचे, माद्या परत पाण्यात सोडायच्या, हे कळल्यावर आई हळहळली. लाख, म्हणजे खेकड्याची अंडी, तर मादीतच! मग जरा विचार करून म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, आपल्याकडेही असं करायला हवं.

शेवटी लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड, गरम खीर आली, तीही न मागवता. बिलावरून पोपोंची आणि माझी नेहमीची ओढाओढ झाली. त्या जिंकल्या. माशाचं डोकं आईने डब्यात बांधून घेतलं, उद्या त्याचं आंबट-तिखट करणार आहे.

घरी येताना ठरलं की मोसम सुरू झाला की तिघींनी हाफ मून बेजवळच्या पिलर पॉइंट बंदरावर जायचं. तिथे खेकडे थेट बोटीवरून विकतात आणि निवडायचे आईने. फक्त तिचं परतीचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. जिना चढताना म्हणाली, "पुढे ढकलता येतं का बघ." सोमवारी विमान कंपनीला फोन करायचा आहे.