तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे कॅमेरे असूनही पंच चुकतात कसे?

डॅलसमध्ये राहायचं आणि अमेरिकन फुटबॉल बघायचा नाही, हे जमत नाही. त्यामुळे भारतातून आलेली पाहुणेमंडळी रविवारी आमच्याकडे टीव्हीसमोर बसतात आणि तासाभरात मला हटकून विचारतात, "एवढे कॅमेरे, एवढा पैसा, तरी पंच चुकतात कसे? आणि तुम्ही एवढ्या का चिडता?"

खरं सांगू? पंच चुकतात म्हणून मी चिडत नाही. बावीस दणकट माणसं एकाच क्षणी एकमेकांवर आदळतात आणि बघायला सात जण. नजर चुकणारच. माझा राग नियमपुस्तकातल्या शब्दांवर आहे.

चेंडू हवेत असताना तो झेलायला निघालेल्या रिसीव्हरला बचावपटूनं अडवलं, तर तो पास इंटरफिअरन्स. पण नुसता धक्का लागून भागत नाही. त्या धक्क्यानं झेलाची संधी 'लक्षणीय' हुकायला हवी. किती हुकली म्हणजे लक्षणीय, ते पंचानं त्या क्षणी ठरवायचं. पटलं, तर पिवळा झेंडा मैदानावर पडतो. आणि शिक्षा? एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, धक्का जिथे लागला तिथे चेंडू. चाळीस यार्ड पुढे लागला असेल तर एका झेंड्यात चाळीस यार्ड. कॉलेज फुटबॉलमध्ये याच गुन्ह्याला जास्तीत जास्त 15 यार्ड मिळतात. अंदाजानं द्यायच्या निर्णयाला एवढी जबर किंमत लावायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

झेंडा न पडण्याचीही किंमत असते. 20 जानेवारी 2019, न्यू ऑर्लीन्स. सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, कोण जाणार, ते ठरवणारा न्यू ऑर्लीन्सचा सेंट्स विरुद्ध रॅम्स सामना. 20-20 अशी बरोबरी आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. सेंट्सच्या टॉमीली लुईसकडे पास निघाला आणि चेंडू पोचण्याआधीच निकेल रोबी-कोलमननं त्याला आडवा केला. झेंडा नाही. माझं घर सेंट्सचं नाही, पण मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. झेंडा पडला असता तर सेंट्सना गोललाइनजवळ नव्यानं संधी मिळाली असती आणि घड्याळ जवळजवळ संपवता आलं असतं. त्याऐवजी सेंट्सना किक मारून तीनच गुण घ्यावे लागले, उरलेल्या वेळात रॅम्सनी पुन्हा बरोबरी साधली आणि जादा वेळेत 26-23 असा सामना जिंकला. आपलं चुकलं, असं लीगनं फोनवर मान्य केल्याचं सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी त्याच रात्री सांगितलं. त्या कबुलीनं निकाल थोडाच बदलतो!

पुढच्या हंगामात या निर्णयांनाही रिप्लेची मुभा मिळाली. वर्षभरात ती गुंडाळली. मला वाटतं, तसं होणारच होतं. कॅमेरा धक्का दाखवतो, 'लक्षणीय' दाखवत नाही. मैदानावरच्या पंचाचा अंदाज काढून तिथे पडद्यासमोरच्या माणसाचा अंदाज बसवला, एवढंच झालं.

डॅलसकरांना हे आधीच ठाऊक होतं. जानेवारी 2015 मध्ये ग्रीन बे इथल्या सामन्यात आमच्या डॅलस काउबॉइजच्या डेझ ब्रायंटनं गोललाइनजवळ घेतलेला झेल पंचांनी आधी दिला, मग रिप्ले बघून रद्द केला, कारण जमिनीवर पडेपर्यंत चेंडूवर त्याचा ताबा राहिला नाही. आम्ही 26-21 हरलो. झेलाचा तो नियम 2018 मध्ये बदलला. आमच्या गल्लीत अजूनही तो विषय निघाला की जेवण गार होतं.

सगळ्यात जास्त मी विचार करते तो फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलचा. 35-35, शेवटची दोन मिनिटं, ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीवर होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवल्याचा, झेंडा. त्यानंतर चीफ्सनी वेळ काढला, किक मारली आणि 38-35 जिंकले. सामन्यानंतर ब्रॅडबेरीनं सरळ सांगितलं की मी जर्सी ओढली होती, पंच सोडून देतील अशी आशा होती. म्हणजे झेंडा बरोबर होता. पण ही आशा त्याला कुठून आली? इतक्या वर्षांच्या अनुभवातून. तेवढं ओढणं कधी चालतं, कधी चालत नाही, हे प्रत्येक खेळाडू जाणतो. आजचे पंच किती सोडतायत, त्याचा अदमास घेत तो खेळतो. नियम असा पाळावा लागत असेल, तर तो नियम कसला?

क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयावर 'अंपायर्स कॉल' असतो. त्यावरही लोक भांडतात, पण तिथे संशयाला माप आहे: चेंडूचा किती भाग यष्टीला लागतोय, ते पडद्यावर दिसतं. गंमत म्हणजे तेच हॉक-आय 2025 पासून एनएफएलमध्येही आलंय. चेंडू आपल्याकडे राखायला लागणारे दहा यार्ड पुरे झाले का, ते आता साखळी ताणून नव्हे, कॅमेऱ्यांनी मोजतात. पण मोजण्याआधी चेंडू कुठे ठेवायचा, ते अजून पंचच नजरेनं ठरवतो.

मला परिपूर्ण पंच नकोत. पास इंटरफिअरन्सला 15 यार्डांची मर्यादा घाला, आणि किती ओढलं म्हणजे ओढलं, ते पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला एकच ठेवा. एवढं झालं, तर पुढच्या रविवारी तुम्ही याल तेव्हा मी सामना बसून बघेन.