पांडवपंचमी, तळाशील

भाऊबीज उरकली की आमच्या घरात फराळाचे दोन डबे बाजूला निघायचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही. ते पांडवपंचमीचे. त्या दिवशी शाळेचं निसर्ग मंडळ समुद्रावर पाखरं बघायला जायचं, दर वर्षी न चुकता, आणि पहाटे साडेतीनला रंकाळ्याच्या कडेला एसटी लागायची.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली आणि मग आचऱ्याचा रस्ता. दाजीपूरपर्यंत सगळे झोपलेले असत. घाट उतरताना कानात दडे बसले की जाग यायची. आठच्या सुमारास तळाशील. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची नि घरांची चिंचोळी पट्टी. बसमधून उतरताना कुठल्या बाजूला आधी बघावं तेच कळायचं नाही.

पंचमीच का, हे मला आठवीत कळलं. आमच्या बाई तारीख ठरवताना सुट्ट्या नंतर बघायच्या, आधी तिथी बघायच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती दुपारी पावणेचारला. त्याच्या सहा तास आधी, दहाच्या आसपास, पुरती ओहोटी. थोडं मागंपुढं होतंच. म्हणजे आम्ही पोचायचो तेव्हा पाणी मागं सरत असायचं, खाडीतला चिखल उघडा पडत असायचा आणि पाखरं त्यावर पांगलेली असायची. दहानंतर पाणी चढायला लागलं की तीच पाखरं पावलापावलानं आमच्याकडं सरकायची. आपण त्यांच्या मागं जायचं नाही, वाळूत बसून राहायचं. पाणीच त्यांना जवळ आणतं. बाईंनी शिकवलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात आवडते.

चौघांत मिळून एक दुर्बीण आणि एक वही. वहीत वेळ, जागा, पाखराचं नाव, संख्या आणि ते काय करत होतं याचे रकाने. थवा मोजायची पद्धत ठरलेली होती. आधी दहा पाखरं नीट मोजायची, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरायचं आणि तो तुकडा सगळ्या थव्यावर ठेवत जायचं. मी पहिल्या वर्षी नुसत्या नजरेनं "पाचशे" लिहिलं होतं. बाईंनी शेजारी बसवून मोजायला लावलं. एकशे ऐंशीच्या आसपास भरले.

ते कुरव होते, आणि त्यांनी आम्हाला फार छळलं. वहीत नाव काळ्या डोक्याचा कुरव आणि समोरच्या एकाही पाखराचं डोकं काळं नाही! डोळ्यामागं एक काळा ठिपका, बस्स. तो काळा टोप विणीच्या दिवसांतला, थंडीत उतरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचंही तसंच. मग दोघांना ओळखायचं ते उडताना: पंखांच्या काळ्या टोकात पांढरे डाग दिसले तर तपकिरी डोक्याचा. एकदा का ते डाग दिसले की पुढं आपोआप दिसत राहतात.

कुरव सगळ्यात जास्त जमायचे ते रापण ओढताना. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडं माणसांच्या रांगा, आणि जाळं जवळ आलं की डोक्यावर पांढरा गोंधळ. एकदा एका म्हाताऱ्या तांडेलांनी आमच्या वह्या बघून विचारलं, "पाखरां मोजूक कोल्हापुरासून इलात?" पण हसले नाहीत. समुद्र गरुडाचं घरटं कुठल्या झाडावर आहे ते त्यांनीच दाखवलं, खाटेएवढा काटक्यांचा ढीग. त्यांच्या जाळ्यात समुद्रसाप आला होता, तोही आम्ही लांबूनच बघून वहीत घेतला. विषारी असतो, त्यांनी काठीनं उचलून पुन्हा पाण्यात सोडला.

खाडीकडं तुतवार शेपटी हलवत फिरायचा. त्याला बघून आम्ही ओरडायचो, कारण दसऱ्याच्या सुमारास रंकाळ्याच्या दगडांवर हाच भेटलेला असायचा. चिखल्यांची चाल वेगळी: धावायचं, थबकायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं.

नववीत होतो तेव्हा आमच्या गटातल्या एका मुलीला समुद्राच्या बाजूला दहाबारा बारीक, पांढुरकी पाखरं दिसली. लाट मागं गेली की तिच्या मागं पळत जायची, पुढची लाट आली की तुरुतुरु परत. चिखल्यासारखी थबकत नव्हती. नाव कुणालाच येईना. आम्ही काहीतरी जवळचं नाव ठोकून द्यायच्या बेतात होतो, बाई म्हणाल्या, "दिसलं तेवढं लिही." तिनं लिहिलं: चोच काळी, पाय काळे, लाटेच्या मागं पळतात, ओल्या वाळूत ठसे तीन बोटांचे, मागचं बोट नाही. नावाच्या रकान्यात: माहीत नाही.

परतीच्या वाटेवर, फोंडा चढताना, यादी वाचली जायची. बाई एकेक नाव घेणार, ज्या गटानं पाहिलं त्यानं हात वर करायचा. डबे फिरत असायचे, करंज्यांचा चुरा झालेला. त्या वर्षी "माहीत नाही" हेही बाईंनी यादीत मोठ्यानं वाचलं, आणि आमचे चारही हात वर गेले.

ती वही पुढं माझ्याकडं आली. त्या पानावर "माहीत नाही" तसंच आहे, खोडलेलं नाही. त्याच्या खाली लाल शाईत बाईंचं अक्षर: सँडरलिंग. आर्क्टिकमधून येतो. शेजारी तारीख, पुढच्या वर्षीच्या पांडवपंचमीची.