विमानातील वाय-फाय: पैशांची व्यवस्था चिकलठाण्यालाच करून निघावे

तिकिटावर ‘विमानात वाय-फाय उपलब्ध’ असे छापलेले होते आणि त्या तीन शब्दांवर विसंबून, वाळूजच्या कारखान्यातील एक तातडीचे दरपत्रक अर्धवट ठेवून मी जर्मनीतील यंत्रप्रदर्शनाला निघालो. ते दरपत्रक आकाशातून पाठवता येईल, असा माझा हिशेब होता. तो कसा फसला हे सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे जाणाऱ्यांचे पैसे तरी वाचतील.

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ ते मुंबई हा टप्पा तासाभराचा. त्या विमानात वाय-फाय नव्हते आणि असते तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण भारताच्या हवाई हद्दीत विमान 3,000 मीटरच्या वर गेल्यावरच ही सेवा वापरता येते. चढणे-उतरणे वजा जाता हाती जेमतेम अर्धा तास राहतो.

खरा घोळ मुंबई ते फ्रँकफर्ट या जवळपास नऊ तासांच्या प्रवासात झाला. कंपनी परदेशी होती. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवून वाय-फाय जोडले, ब्राउझरमध्ये कंपनीचे पान उघडले, आणि तेव्हा समजले की फुकट आहेत ते फक्त मजकुराचे संदेश. ई-मेल व फाइलसाठी 25 डॉलर वेगळे मोजावे लागणार होते. यूपीआयचा पर्याय नव्हताच. डेबिट कार्डाचा क्रमांक भरला, तर बँकेने ओटीपी मागितला. ओटीपी एसएमएसने येतो, एसएमएसला मोबाइलचे नेटवर्क लागते आणि फ्लाइट मोडमध्ये नेमके तेच बंद असते. माझी बँक ओटीपी ई-मेलवरही पाठवते, परंतु ई-मेल उघडण्यासाठी आधी इंटरनेट विकत घ्यायला हवे होते. विहिरीत पडलेला दोर काढायला दुसरा दोर लागावा, तशी ही अवस्था होती. मग क्रेडिट कार्ड काढले, तर ते सरळ नाकारले गेले. 2020 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावरील परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करावे लागतात. मी ते केले नव्हते, आणि चालू करण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये, म्हणजे पुन्हा इंटरनेटपलीकडे होती. शेवटी शेजारी बसलेल्या आमच्या लातूरच्या भागीदारांच्या कार्डावर, ओटीपी न विचारता, पैसे कापले गेले. या खटाटोपात दीड तास गेला.

वैताग येथेच संपला नाही. मोबाइलवर घेतलेली जोडणी लॅपटॉपवर चालेना, म्हणून मी दुसऱ्यांदा 25 डॉलर भरायला लावले. एका वेळी एकच उपकरण जोडता येते आणि मोबाइलवरून लॉगआउट केले असते तर तीच जोडणी लॅपटॉपवर फुकट मिळाली असती, हे हवाई सुंदरीने नंतर सांगितले. परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी धरून प्रत्येक वेळचे सुमारे 2,240 रुपये पडले. माझ्या मते ही उघड लूट आहे, कारण ही सूचना त्या पानावर ठळक देणे काही अवघड नव्हते.

वेगाविषयीही भ्रम नसावा. आमच्या विमानाची जोडणी विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असणाऱ्या भूस्थिर उपग्रहामार्फत होती. संकेत वर जाऊन खाली येतो आणि उत्तरही त्याच वाटेने परतते, त्यामुळे प्रत्येक विनंतीला किमान अर्धा सेकंद लागतो, शिवाय उपलब्ध क्षमता सगळ्या प्रवाशांत वाटली जाते. यंत्रभागाच्या आराखड्याची 40 एमबीची फाइल तीनदा अर्ध्यावर तुटली. तोच आराखडा 2 एमबीच्या पीडीएफमध्ये बदलून पाठवला, तेव्हा तो गेला. व्हिडिओ कॉलचा विचारही करू नये. आमच्या विमानात कॉल मुळातच रोखलेले होते.

म्हणून निघण्यापूर्वी दोन कार्डांवर परदेशी व्यवहार चालू करावेत, जोडणी कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच विकत मिळत असेल तर घरूनच घ्यावी आणि फाइल लहान करून ठेवाव्यात. फ्लाइट मोड मात्र क्षणभरही काढू नये. काही विमानांत स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असते, फोन आपोआप त्याला जोडला जातो आणि त्याचे रोमिंग दर जमिनीवरच्या पॅकमध्ये धरलेले असतीलच असे नाही.

प्रदर्शनाचे चार दिवस उत्तम गेले. परतीला मी 25 डॉलर हॉटेलमध्ये बसूनच भरले आणि विमानात बसल्यावर दोन मिनिटांत जोडणी मिळाली, तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखा आनंद झाला. काळ्या समुद्रावर असताना घरून संदेश आला की जायकवाडीचे दरवाजे उघडले आहेत. सोबतचे छायाचित्र मात्र मुंबईला उतरेपर्यंत धूसरच राहिले.