कॅलगरीत लॉहीड वकिलाच्या मागावर: टेकडीवर बर्फ असेल तर थांबा

"मामा, लॉहीड वकिलाचं घर, बिल्डिंग, थडगं, अर्ध्या दिवसात होतं सगळं, चालत," असं भाच्याने फोनवर सांगितलं होतं. तो कॅनडात कॅलगरीला नऊ वर्षं राहतोय आणि लॉहीड पुरलेला आहे त्या दफनभूमीत एकदाही गेलेला नाही, हे मला बर्फावर उताणा पडल्यावर कळलं.

तालुक्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं काळा कोट घातला, म्हणून मला कॅलगरीच्या या जुन्या वकिलाचं, जेम्स लॉहीडचं कुतूहल. (स्पेलिंग बघून 'लौघीड' म्हणालात तर टॅक्सीवाला हसतो.) १८८३ मध्ये रेल्वे कॅलगरीला पोचली, त्याच वर्षी हाही पोचला. पुढे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच पक्षकार झाली आणि हा गावात प्लॉट घेत सुटला. पक्षकार दांडगा असला की वकील हुशार ठरतो, ते तिकडेही तसंच.

पण खरी गंमत सासरची. १८८४ मध्ये त्याने बेल हार्डिस्टीशी लग्न केलं. ती मेटिस, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र समाजातली. वडील फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, काका रिचर्ड सिनेटर, म्हणजे आपल्याकडच्या राज्यसभेतल्या खासदारासारखा. १८८९ मध्ये काका वारले आणि त्यांच्या जागी पस्तिशीचा लॉहीड सिनेटर झाला. नुसती वकिली करून असं होत नाही, माझ्याकडून लिहून घ्या.

लॉहीडचं घर १३ अव्हेन्यू साउथवेस्टला. पत्त्यात 'साउथवेस्ट' चुकवू नका, आम्ही साउथईस्टला पाऊण तास हिंडलो. जवळच्या खाजगी पार्किंगने दोन तासांचे २४ डॉलर घेतले. त्या पैशात तिघं जेवलो असतो. घर १८९१ चं, वालुकाश्माचं. लॉहीड १९२५ ला गेला, मग मंदी आली, कर थकला आणि १९३४ मध्ये शहराने घर ताब्यात घेतलं. बेलबाई १९३६ ला मरेपर्यंत तिथेच राहिल्या, १९३८ ला सामानाचा लिलाव झाला. तेव्हा आत दिसेल ती प्रत्येक खुर्ची त्यांचीच, असं धरू नका. नातू पीटर १९७१ ते १९८५ अल्बर्टाचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. लॉहीडचा भागीदार बेनेट तर देशाचा पंतप्रधान झाला, पण त्याआधी १९२२ मध्ये भागीदारी भांडून मोडली होती. आमच्या वकिलांच्या बारमध्येही भागीदाऱ्या अशाच मोडतात, पंतप्रधान मात्र अजून कोणी झालेला नाही.

१९१२ ची लॉहीड बिल्डिंग बाहेरून बघा, दहा मिनिटं पुरे.

आता टेकडी. नवरा-बायको दोघंही टेकडीवरच्या युनियन सिमेट्रीत, म्हणजे त्या दफनभूमीत, पुरलेले आहेत. एर्लटन स्टेशनला उतरलो (ट्रेन सातव्या अव्हेन्यूवर फुकट आहे, पुढे नाही, तिकीट काढा), मॅक्लॉइड ट्रेल ओलांडून बागेच्या बाजूने चढायला लागलो. आदल्या दिवशी शिनूक नावाचा तिकडचा उबदार वारा सुटला होता, बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि रात्री त्याचीच काच झाली. वर कोवळं ऊन, खाली काच. गिरनार दोनदा चढलेला मी, इथे रांगत वर गेलो. वर पोचल्यावर लक्षात आलं की जागेचा नंबर लिहूनच आणलेला नाही. जुने दगड हजारो, निम्मे बर्फाखाली. दीड तास फिरलो, सापडलं नाही, आणि उतरताना पडलो. कोपर अजून दुखतंय.

मार्चमध्ये जाणार असाल तर बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्या. नाहीतर सरळ स्पिलर रोडच्या बाजूने गाडी आत घाला. विभाग आणि जागेचा नंबर आधी काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी मी नंबर घेऊन गाडीने गेलो आणि वीस मिनिटांत दोघांपाशी उभा होतो. भाचा गाडीतच बसून राहिला, हीटर लावून.